अमेरिकन फुटबॉलमधील हुलकावणीच्या चाली

अमेरिकन फुटबॉलमधील हुलकावणीच्या चाली : चेंडू कोणाजवळ आहे, तो कोणत्या दिशेने व केव्हा जाणार आहे, यांविषयी प्रतिपक्षाची क्षणभर चुकीची समजूत करून देऊन आगेकूच करण्याच्या पद्धतशीर चाली. चेंडू खेळात येण्यापूर्वी एखाद्या खेळाडूने आडवे धावणे (मोशन), धावता धावता चेंडू उलट दिशेने येणाऱ्या सहकाऱ्याच्या हाती देणे (रिव्हर्स), एका बाजूस पाऊल टाकून दुसऱ्या बाजूस वळणे (काउंटर), चेंडू फेकण्याचा आविर्भाव करून तो धावणाऱ्याकडे सोपविणे (ड्रॉ) इ. प्रकार त्यांत येतात. खो-खो किंवा कबड्डी यांसारख्या खेळांतील हुलकावणी ही मुख्यतः एकेका खेळाडूच्या चपळाईवर व प्रसंगावधानावर अवलंबून असते. अमेरिकन फुटबॉलमधील हुलकावणी मात्र अकरा खेळाडूंनी आगाऊ ठरविलेली, पाठ केलेली व एकाच वेळी वठविलेली सामुदायिक बतावणी असते. अंगाने हलक्या व संख्येने तोकड्या संघांनी वजनदार संघांविरुद्ध हे शस्त्र प्रथम परजले. त्याला आवर घालण्यासाठी नियम झाले आणि त्या नियमांच्या चौकटीत नव्या हुलकावण्या जन्मास आल्या. म्हणून या चालींचा इतिहास हा बव्हंशी या खेळाच्या नियमांचाही इतिहास आहे.

पूर्वपीठिका : अमेरिकन विद्यापीठांतील फुटबॉलचा पहिला सामना ६ नोव्हेंबर १८६९ रोजी न्यू जर्सीतील न्यू ब्रन्झविक येथे रटगर्स व प्रिन्स्टन यांच्यात झाला व तो रटगर्सने ६–४ असा जिंकला. हा सामना स्वरूपाने सॉकरसारख्या खेळाचा होता. पुढे हार्व्हर्डच्या आग्रहामुळे रग्बीच्या धर्तीचे नियम रूढ झाले. रग्बीमध्ये चेंडूसाठी दोन्ही पक्षांची झोंबाझोंबी होते व चेंडू कोणाकडे जाईल हे आधी निश्चित नसते. अशा खेळात आगाऊ योजना आखण्यास फारसा वाव नव्हता.

येलचा वॉल्टर कँप (१८५९–१९२५) याच्या पुढाकाराने १८८० मध्ये हे चित्र पालटले. संघातील खेळाडूंची संख्या अकरा ठरली आणि झोंबाझोंबीऐवजी ‘स्क्रिमेज’ची पद्धत आली. तीनुसार चेंडू एकाच पक्षाच्या निर्विवाद ताब्यात राहतो, दोन्ही फळ्या एका काल्पनिक रेषेच्या अल्याडपल्याड उभ्या राहतात आणि मधला खेळाडू (सेंटर) चेंडू मागे देतो तेव्हाच खेळ सुरू होतो. चेंडू मागे देण्याच्या या क्रियेस ‘स्नॅप’ व तो घेणाऱ्यास ‘क्वार्टरबॅक’ असे म्हणतात. १८८२ मध्ये तीन प्रयत्नांत पाच यार्ड (४·५७ मी.) पुढे सरकण्याचे बंधन आले. दर दोन चालींच्या मध्ये थोडी विश्रांती, चढाई करणाऱ्या पक्षास आपली चाल गुप्तपणे ठरविण्याची सवड आणि बचाव करणाऱ्यास केवळ अंदाज बांधण्याची मुभा, अशी विषम स्थिती या नियमांनी निर्माण केली. हुलकावणीचे मूळ या विषमतेत आहे. चढाई करणाऱ्या अकरा जणांना पुढे काय होणार हे ठाऊक असते. समोरच्या अकरांना ते पाहून ओळखावे लागते.

दाटीचा खेळ : आरंभीच्या काळात मात्र या सवडीचा उपयोग हुलकावणीपेक्षा बळ एकवटण्यासाठीच अधिक झाला. १८८८ मध्ये कमरेखाली पकडून पाडण्यास परवानगी मिळाल्यावर मोकळ्या मैदानातील धाव कठीण झाली आणि संघ एकमेकांना बिलगून दाटीने घुसू लागले. या पद्धतीचा कळस म्हणजे ‘फ्लाइंग वेज’ अथवा धावती पाचर होय. बुद्धिबळ व युद्धशास्त्र यांचा अभ्यासक, परंतु स्वतः हा खेळ कधीही न खेळलेला लॉरिन डेलँड याने ती योजिली. १९ नोव्हेंबर १८९२ रोजी स्प्रिंगफील्ड येथे येलविरुद्धच्या सामन्यात हार्व्हर्डने ती उत्तरार्धाच्या प्रारंभी वापरली. खेळाडूंचे दोन गट दूर अंतरावरून तिरके धावत येऊन चेंडूधारकाच्या पुढे पाचरीच्या आकारात एकत्र आले व पूर्ण वेगाने येलच्या एका खेळाडूवर जाऊन आदळले. तो सामना येलने ६–० असा जिंकला. तथापि या चालीचे अनुकरण देशभर झाले.

चेंडू खेळात येण्यापूर्वी घेतलेल्या गतीचे सामर्थ्य या चालीने प्रथम ठळकपणे दाखवून दिले. त्या गतीत लपविण्यासारखे काहीच नव्हते. केवळ आघात वाढविणे हा तिचा हेतू होता. १८९४ च्या नियमांनी धावत्या पाचरीस व तत्सम रचनांस आळा घातला आणि स्नॅपपूर्वी गती घेण्यावर पुढे क्रमाक्रमाने बंधने येत गेली. तरीही दाटीचा खेळ थांबला नाही. १९०५ च्या हंगामात वृत्तपत्रीय मोजदादीनुसार निदान १८ खेळाडू मृत्यू पावले. राष्ट्राध्यक्ष थीओडोर रूझवेल्ट याने त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये हार्व्हर्ड, येल व प्रिन्स्टन यांच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये पाचारण केले. १९०६ च्या सुधारणांनी चेंडू पुढे फेकण्यास मुभा दिली, दोन फळ्यांमध्ये तटस्थ पट्टा ठेवला आणि तीन प्रयत्नांत दहा यार्ड (९·१४ मी.) जाण्याची अट घातली. १९१० मध्ये चेंडूधारकास ढकलणे वा ओढणे निषिद्ध ठरले व रेषेवर सात खेळाडू ठेवणे आवश्यक झाले. बळ एकवटण्याचे मार्ग असे एकामागून एक बंद होत गेले. दुसरीकडे, फेकीच्या भीतीने बचावाची फळी विरळ होऊन मैदानभर पसरू लागली. विरळ फळीतील एक रक्षक चकला, तर त्याची जागा भरून काढणारा दुसरा जवळ नसतो. त्यामुळे हुलकावणीचे मोल एकाएकी वाढले.

कार्लाइलचा संघ : या चालींच्या विकासात पेनसिल्व्हेनियातील कार्लाइल इंडियन इंडस्ट्रियल स्कूल या संस्थेच्या संघाचा वाटा असाधारण आहे. रिचर्ड हेन्‍री प्रॅट या सैनिकी अधिकाऱ्याने १८७९ मध्ये लष्कराच्या जुन्या बराकींत ही निवासी शाळा काढली. अमेरिकेच्या मूळ रहिवाशांच्या मुलांना त्यांच्या जमातींपासून दूर आणून, त्यांचे केस कापून, नावे बदलून व मातृभाषा बोलण्यास मनाई करून त्यांना गोऱ्या समाजाच्या साच्यात बसविणे हे तिचे उघड उद्दिष्ट होते. शाळेच्या आवारातील दफनभूमीत १८० च्या आसपास विद्यार्थ्यांच्या कबरी होत्या, यावरून या प्रयोगाची किंमत कोणी मोजली हे स्पष्ट होते.

कार्लाइलचे खेळाडू प्रतिस्पर्धी विद्यापीठांच्या तुलनेने अंगाने हलके होते, संघातील राखीव खेळाडूंची संख्या कमी होती आणि प्रवेशशुल्काच्या उत्पन्नासाठी बहुतेक मोठे सामने त्यांना परक्या मैदानांवर खेळावे लागत. दाटीच्या खेळात त्यांचा निभाव लागणे अवघड होते. ग्लेन ‘पॉप’ वॉर्नर (१८७१–१९५४) हा १८९९–१९०३ व १९०७–१४ या काळात तेथे मार्गदर्शक होता. वेग, चेंडूची हातोहात अदलाबदल व अनपेक्षित दिशा यांवर त्याने व त्याच्या खेळाडूंनी आपला खेळ उभारला.

३१ ऑक्टोबर १९०३ रोजी हार्व्हर्डविरुद्धच्या सामन्यात उत्तरार्ध सुरू झाला तेव्हा कार्लाइल ५–० असे आघाडीवर होते. हार्व्हर्डने लाथाडलेला चेंडू क्वार्टरबॅक जिमी जॉन्सन याने झेलला. लगेच सर्व खेळाडू त्याच्याभोवती गोळा झाले आणि त्या आडोशात त्याने चार्ल्स डिलन या गार्डच्या सदऱ्यात पाठीकडून चेंडू सरकविला. चेंडू घसरू नये म्हणून सदऱ्याच्या काठास आधीच लवचिक पट्टी शिवून घेतलेली होती. कोंडाळे फुटले व चेंडू छातीशी धरल्याचा बहाणा करीत खेळाडू चहूकडे पांगले. मोकळ्या हातांनी धावणाऱ्या डिलनकडे कोणाचेच लक्ष गेले नाही आणि १०३ यार्ड (सु. ९४ मी.) धावून तो टचडाउनच्या रेषेपार गेला. (त्या काळी मैदान ११० यार्ड लांब असे.) हार्व्हर्डने पुढे सामना १२–११ असा जिंकला, परंतु लोकांच्या स्मरणात राहिली ती ही चालच.

ही कल्पना कार्लाइलची स्वतंत्र नव्हती. जॉन हाइझमन (१८६९–१९३६) याच्या मार्गदर्शनाखाली ऑबर्नच्या संघाने १८९५ मध्ये व्हँडरबिल्टविरुद्ध, तर वॉर्नरच्या कॉर्नेल संघाने १८९७ मध्ये पेन स्टेटविरुद्ध ती वापरली होती. ती पूर्णपणे न्याय्य आहे असे आपण मानीत नव्हतो, अशी कबुली वॉर्नरने पुढे दिली. तथापि समकालीन वृत्तपत्रांनी कार्लाइलच्या यशाची वर्णने करताना ‘इंडियन’ माणसाच्या तथाकथित जन्मजात धूर्तपणाचा वारंवार उल्लेख केला. हार्व्हर्डची पाचर ‘शास्त्रीय’ आणि कार्लाइलची हुलकावणी ‘कावेबाज’, हा भेद चालींच्या गुणदोषांवरून पडलेला नव्हता. तो खेळणाऱ्यांच्या वंशावरून केलेला होता. वास्तविक कार्लाइलच्या विद्यार्थ्यांनी आत्मसात केलेले तंत्र हे त्या काळातील सर्वांत प्रगत व सर्वांत परिश्रमसाध्य तंत्र होते.

याचा प्रत्यय ९ नोव्हेंबर १९१२ रोजी वेस्ट पॉइंट येथे आला. पिछाडीच्या दोन खेळाडूंना दोन टोकांस उभे करणारी ‘डबल विंग’ रचना कार्लाइलने तेथे वापरली. कोणत्याही टोकाचा खेळाडू आतील बाजूस धावत येऊन चेंडू घेऊ शकत असल्याने सैनिकी अकादमीच्या रक्षकांना चाल कोणत्या बाजूने येणार याचा अदमास लागेना. जिम थॉर्प (१८८७–१९५३) याच्या अप्रतिम खेळाच्या जोरावर कार्लाइलने २७–६ असा विजय मिळविला. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला ड्वाइट आयझेनहौअर पराभूत संघात होता. वूंडेड नी येथे अमेरिकन सैन्याने लाकोटा जमातीच्या स्त्रीपुरुषांची व मुलांची कत्तल केल्याला तेव्हा बावीस वर्षेच झाली होती. या सामन्याचा अर्थ दोन्ही पक्षांस न सांगता कळण्यासारखा होता.

संघाच्या कीर्तीचा लाभ मात्र खेळाडूंना क्वचितच झाला. १९१४ मध्ये अमेरिकन काँग्रेसच्या समितीने शाळेच्या कारभाराची चौकशी केली, तेव्हा फुटबॉलच्या उत्पन्नाचा विनियोग व वॉर्नरचे वर्तन यांविषयी विद्यार्थ्यांनी तक्रारी मांडल्या. त्या हंगामानंतर वॉर्नरने संस्था सोडली व १९१८ मध्ये शाळाच बंद झाली. तिच्या मैदानावर घडलेल्या चाली मात्र देशभरच्या विद्यापीठांत पोचल्या होत्या.

गतीवरील निर्बंध व टी-रचना : दोन महायुद्धांच्या दरम्यानच्या काळात हुलकावणीचा भर ‘शिफ्ट’वर, म्हणजे स्नॅपच्या किंचित आधी अनेक खेळाडूंनी एकदम जागा बदलण्यावर होता. मिनेसोटा विद्यापीठाचा हेन्‍री विल्यम्स, हाइझमन आणि नोत्र दामचा क्‍नूट रॉक्नी (१८८८–१९३१) यांनी हे तंत्र विकसित केले. जागा बदलताच क्षणाचाही विलंब न लावता चेंडू खेळात आणला, तर चढाई करणारे गतीत व बचाव करणारे स्थिर अशी स्थिती होते. म्हणून १९२० च्या दशकात, जागा बदलल्यानंतर सर्वांनी सुमारे एक सेकंद स्थिर राहिलेच पाहिजे, असा नियम करण्यात आला. या निर्बंधातून एकच पळवाट उरली : स्नॅपच्या क्षणी एक खेळाडू हलता राहू शकतो, मात्र तो प्रतिपक्षाच्या रेषेकडे जाता कामा नये. अमेरिकन फुटबॉलमधील आजचे सर्व ‘मोशन’ या एका सवलतीवर उभे आहे. कॅनडातील फुटबॉलमध्ये असा निर्बंध नाही. तेथे पिछाडीचे अनेक खेळाडू एकाच वेळी व रेषेच्या दिशेनेही धावू शकतात.

शिकागो विद्यापीठाचा एमस अलॉन्झो स्टॅग (१८६२–१९६५) याच्याकडे या हलत्या खेळाडूच्या कल्पनेचे श्रेय सामान्यतः दिले जाते. तिची खरी शक्ती प्रकट झाली ती टी-रचनेत. या रचनेत क्वार्टरबॅक सेंटरच्या थेट मागे उभा राहून चेंडू हातोहात घेतो. प्रतिपक्षाकडे त्याची पाठ असल्याने चेंडू त्याच्या देहाआड क्षणभर दिसेनासा होतो आणि तेवढ्या वेळात तो तीन जणांपैकी कोणाही एकास देता येतो. शिकागो बेअर्स या व्यावसायिक संघात राल्फ जोन्स याने १९३० नंतर या जुन्या रचनेस हलत्या खेळाडूची जोड दिली. क्लार्क शॉनेसी (१८९२–१९७०) याने १९४० मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संघास ती शिकविली. त्या हंगामात स्टॅनफर्ड अपराजित राहिले व १ जानेवारी १९४१ च्या रोझ बोल सामन्यात त्यांनी नेब्रॅस्कास २१–१३ असे हरविले.

दरम्यान ८ डिसेंबर १९४० रोजी राष्ट्रीय व्यावसायिक अजिंक्यपदाच्या सामन्यात शिकागो बेअर्सने वॉशिंग्टनचा ७३–० असा धुव्वा उडविला. तीनच आठवड्यांपूर्वी वॉशिंग्टनने त्यांस ७–३ असे नमविले होते. हलता खेळाडू एका बाजूस गेला की वॉशिंग्टनचे रक्षकही त्या बाजूस सरकतात, हे जॉर्ज हॅलस व शॉनेसी यांनी हेरले होते. त्यामुळे खेळाडू एकीकडे व चेंडू दुसरीकडे, अशा चालींवर त्यांनी भर दिला. दुसऱ्याच चालीत बिल ऑझमान्‌स्की याने ६८ यार्ड (सु. ६२ मी.) धावून टचडाउन केला. इतक्या मोठ्या फरकाचा विजय या व्यावसायिक स्पर्धेत त्यानंतर कोणासही मिळविता आलेला नाही. अल्पावधीतच बहुतेक संघांनी टी-रचना स्वीकारली.

चालींचे तंत्र : हुलकावणी कशी साधते हे समजण्यासाठी बचाव कसा विचार करतो हे पाहावे लागते. रेषेमागे उभ्या असलेल्या रक्षकास (लाइनबॅकर) चेंडूच्या मागे डोळे लावून भागत नाही. चेंडू बहुधा देहांच्या गर्दीत झाकलेला असतो. म्हणून त्यास काही ठरावीक खुणा वाचावयास शिकविलेले असते. उदा., समोरचा गार्ड रेषेतून मागे निघून उजवीकडे धावू लागला, की चाल उजवीकडे आहे असे तो समजतो. या खुणा बहुतेक वेळा खऱ्या असतात, म्हणूनच खोटी खूण परिणामकारक ठरते. रक्षकाचे एक पाऊल चुकीच्या दिशेने पडले, तरी त्यास अडविणाऱ्या खेळाडूला अनुकूल कोन मिळतो आणि चेंडूधारकास वाट सापडते. समर्थ रक्षकास बळाने हटविण्यापेक्षा त्याच्याच शिस्तीचा त्याच्याविरुद्ध उपयोग करणे, हे या तंत्राचे सार होय.

स्नॅपपूर्वीच्या गतीचे उपयोग तीन. पहिला माहितीचा : हलत्या खेळाडूच्या मागोमाग एक रक्षक मैदानभर धावला, तर बचाव माणसामागे माणूस या पद्धतीचा आहे आणि रक्षक केवळ थोडे सरकले, तर तो क्षेत्रवार आहे, असे क्वार्टरबॅक ताडतो. दुसरा संख्येचा : ऐन वेळी एका बाजूस एक माणूस वाढतो व बचावाची मांडणी बिघडते. तिसरा धाकाचा : पूर्ण वेगात आडवा येणारा खेळाडू क्वार्टरबॅकजवळून जात असतानाच स्नॅप केला, तर चेंडू त्यास दिला की नाही हे ठरविण्यास रक्षकांना वेळच उरत नाही. या तिसऱ्या प्रकारास ‘जेट मोशन’ असे म्हणतात.

रिव्हर्समध्ये एक खेळाडू चेंडूसह बाजूस धावतो, बचाव त्याच्यामागे वाहवत जातो आणि उलट दिशेने येणारा सहकारी तो चेंडू घेऊन मोकळ्या बाजूने निसटतो. ही चाल वेळखाऊ असून रेषेच्या बरीच मागे घडते. एक जरी रक्षक आपल्या जागी टिकून राहिला, तरी हातातले अनेक यार्ड गमवावे लागतात. म्हणून प्रतिपक्ष उतावळेपणे पाठलाग करू लागल्यावरच ती योजतात. काउंटर अधिक किफायतशीर असते. तीत चेंडूधारक स्वतःच एक पाऊल फसवे टाकतो व दूरच्या बाजूचे एकदोन खेळाडू रेषेमागून धावत येऊन त्याच्यापुढे वाट मोकळी करतात. ‘ट्रॅप’ या चालीत एखाद्या आक्रमक रक्षकास मुद्दाम आत येऊ देतात व तो आत शिरताच बगलेतून अडवितात. ड्रॉमध्ये क्वार्टरबॅक फेकीसाठी मागे हटतो. त्याला गाठण्यास रक्षक धावून येतात आणि त्यांच्यामधूनच चेंडूधारक निघून जातो.

‘ऑप्शन’ हा याच परंपरेतील अत्यंत तर्कशुद्ध प्रकार होय. मिसूरी विद्यापीठाचा डॉन फॉरट (१९०२–९५) याने १९४१ मध्ये बास्केटबॉलमधील दोघांविरुद्ध एक या परिस्थितीवरून तो सिद्ध केला. येथे एका रक्षकास कोणीच अडवीत नाही. तो क्वार्टरबॅककडे धावला, तर चेंडू शेजारच्या सहकाऱ्याकडे जातो. सहकाऱ्याकडे धावला, तर क्वार्टरबॅक स्वतःच पुढे घुसतो. रक्षकाने काहीही ठरविले, तरी त्याचा निर्णय चुकीचाच ठरतो. ओक्लाहोमा विद्यापीठाने १९५३–५७ या काळात सलग ४७ सामने जिंकले, ते या पद्धतीवर भिस्त ठेवून. टेक्सस विद्यापीठात १९६८ मध्ये एमरी बेलर्ड याने तिला ‘विशबोन’ रचनेचे रूप दिले आणि त्या संघाने १९६८–७० मध्ये सलग ३० विजय मिळविले. डेलावेअर विद्यापीठात डेव्हिड नेल्सन व हॅरल्ड रेमंड यांनी रुजविलेल्या ‘विंग-टी’ पद्धतीत चालींच्या मालिका असतात. मालिकेतील प्रत्येक चालीचा आरंभ हुबेहूब सारखा असतो, शेवट मात्र वेगळा. तीत अडवणूक करणाऱ्या खेळाडूंनीही आपली भूमिका तितक्याच खरेपणाने वठवावी लागते. चेंडू नसलेल्या खेळाडूने धाव सैल सोडली, की सगळे बिंग फुटते.

वैध व अवैध हुलकावणी : नियमांनी कालांतराने एक सीमारेषा आखली आहे. हालचालीने, आविर्भावाने व दिशाबदलाने फसविणे वैध. चेंडूचे, गणवेशाचे वा खेळाडूच्या उपस्थितीचे स्वरूपच लपविणे अवैध. त्यानुसार चेंडू कपड्यांत दडविणे आणि मैदान सोडल्याचा बहाणा करून सीमारेषेजवळ रेंगाळणे निषिद्ध ठरले. सीमारेषेवरच्या चालींबाबत मतभेद होतच राहिले. २ जानेवारी १९८४ च्या ऑरेंज बोल सामन्यात नेब्रॅस्काच्या क्वार्टरबॅकने चेंडू मुद्दाम जमिनीवर ठेवला आणि डीन स्टाइनकूलर या गार्डने तो उचलून १९ यार्ड धावत टचडाउन केला. सामना मायामीने ३१–३० असा जिंकला. विद्यापीठीय नियमांनी १९९० च्या दशकारंभी ही चालही बंद केली.

या सीमारेषेमागे एक नैतिक विचार आहे. वैध हुलकावणीत पाहणाऱ्यास सर्व पुरावा उघड्यावर दिसत असतो. त्याचा अर्थ लावण्यात तो चुकतो, एवढेच. अवैध हुलकावणीत पुरावाच काढून घेतलेला असतो. डिलनच्या सदऱ्यातील चेंडू या कसोटीस उतरत नाही. थॉर्पच्या संघाची डबल विंग मात्र पूर्णपणे उतरते. नेमकी तिचीच पुढे देशभर नक्कल झाली.

आधुनिक काळ : चित्रफितींच्या व पुढे संगणकाच्या साहाय्याने प्रतिपक्षाच्या प्रत्येक चालीचा अभ्यास होऊ लागल्यावर हुलकावणी कालबाह्य होईल, अशी अपेक्षा बाळगता आली असती. प्रत्यक्षात उलटेच घडले. अभ्यासाने रक्षकांच्या सवयी पक्क्या होतात आणि पक्क्या सवयींवरच हुलकावणी पोसते. १ जानेवारी २००७ रोजी फिएस्टा बोल सामन्यात बॉइझी स्टेट या तुलनेने लहान विद्यापीठाने बलाढ्य ओक्लाहोमास जादा वेळेत ४३–४२ असे हरविले. निर्णायक दोन गुणांसाठी त्यांनी स्टॅगच्या काळापासून चालत आलेली ‘स्टॅच्यू ऑफ लिबर्टी’ ही चाल योजिली. क्वार्टरबॅक जॅरेड झब्रॅन्‌स्की याने रिकाम्या उजव्या हाताने फेकीचा आविर्भाव केला आणि डाव्या हाताने पाठीमागून चेंडू इयन जॉन्सनला दिला.

४ फेब्रुवारी २०१८ च्या सुपर बोल सामन्यात फिलाडेल्फिया ईगल्सने चौथ्या प्रयत्नात, लक्ष्य अवघ्या एका यार्डावर असताना, रिव्हर्स व फेक यांचा मेळ घातला. चेंडू थेट कोरी क्लेमंटकडे, त्याच्याकडून उलट धावणाऱ्या ट्रे बर्टनकडे आणि त्याच्या फेकीवर एरवी फेकणाराच असलेल्या क्वार्टरबॅक निक फोल्सकडे गेला. हा सामना फिलाडेल्फियाने ४१–३३ असा जिंकला. १२ फेब्रुवारी २०२३ च्या सुपर बोल सामन्यात हाच संघ हुलकावणीस बळी पडला. आडवा धावणारा खेळाडू दुसऱ्या बाजूस जाणार असे गृहीत धरून फिलाडेल्फियाचे रक्षक त्याला परस्परांकडे सोपवितात, हे कॅन्झस सिटीने हेरले होते. त्यांचा खेळाडू आत धावू लागला व स्नॅपच्या सुमारास झटकन आल्या पावली माघारी फिरला. एकाच प्रकारच्या या युक्तीने शेवटच्या सत्रात केडेरियस टोनी व स्काय मूर यांनी दोन टचडाउन केले, तेव्हा दोघांच्याही जवळपास कोणी रक्षक नव्हता. कॅन्झस सिटीने सामना ३८–३५ असा जिंकला.

धावत्या पाचरीपासून या माघारी फिरणाऱ्या पावलापर्यंतचा प्रवास सव्वाशेहून अधिक वर्षांचा आहे. त्यात गतीचा हेतू आमूलाग्र पालटला : जी गती प्रतिपक्षाच्या देहावर आदळण्यासाठी होती, ती त्याच्या अंदाजावर रोखली गेली. हा बदल घडविण्यात नियमकर्त्यांच्या दूरदृष्टीइतकाच, वजनात व साधनांत मागे असलेल्या संघांच्या गरजेचा वाटा आहे. त्यांत कार्लाइलच्या विद्यार्थ्यांचे स्थान अग्रभागी आहे. ज्या संस्थेत त्यांच्याकडून त्यांची भाषा व नावे हिरावून घेण्यात आली, तेथेच त्यांनी देशाच्या या लोकप्रिय खेळास एक नवी भाषा दिली, याची नोंद खेळाच्या इतिहासाने घेणे अगत्याचे आहे.